पिकअपचा क्राउन-पिनियन बदलण्याआधी

घाटात गाडी दम खाते. मोकळ्या रस्त्यावर इंजिन उगाच घोंगावत राहतं. भाड्याच्या मानाने डिझेल जास्त जळतं. पिकअपवर पोट असलेल्या वाचकांच्या या तीन तक्रारी वारंवार येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एकच प्रश्न येतो: क्राउन-पिनियन बदलून घेऊ का? कुणाला मित्राने सांगितलेलं असतं की बदलल्यावर उचल वाढली आणि ॲव्हरेजही वाढलं. दुसऱ्याला त्याच बदलानंतर ॲव्हरेज पडल्याचा अनुभव असतो. दोघंही खरं सांगत असतात, कारण दोघंही मीटरवर दिसलेला आकडा सांगत असतात. तो आकडा कसा फसवतो हे पुढे पाहू. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: रेशो बदलणं हे काही गाड्यांसाठी योग्य उत्तर आहे, बहुतेकांसाठी नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात हे गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी घरी बसून ठरवता येतं.

रेशो म्हणजे नेमका कोणता आकडा?

इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून शाफ्टवर आणि शाफ्टवरून मागच्या हौसिंगमध्ये येते. तिथे शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउनला फिरवतो. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हा तुमचा ॲक्सल रेशो. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर रेशो ४.१० होतो, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला ४.१० फेरे घ्यावे लागतात. पिनियनला ९ दाते असतील तर ४.५६ आणि ११ असतील तर ३.७३.

मोठा आकडा म्हणजे चाकावर जास्त ओढ, पण त्याच वेगाला इंजिनाचे जास्त फेरे. लहान आकड्याचं याच्या उलट. सायकलवर चढाला मागची मोठी चकती घेतल्यावर पाय हलका पडतो पण जास्त वेळा मारावा लागतो, तसंच हे आहे. यात फुकट काहीच मिळत नाही. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते, ती कोणत्या वेगाला आणि कशी वापरायची एवढंच बदलतं.

आपल्याकडे हा आकडा कंपनी ठरवून देते. अमेरिकेत नवा पिकअप घेताना गिऱ्हाईक ३.५५, ३.७३, ४.१० अशा पर्यायांतून रेशो निवडू शकतो आणि ट्रेलर ओढणारा माणूस मोठा आकडा मागतो. आपल्याकडे तशी यादी समोर ठेवली जात नाही. म्हणून विचारण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

तुमच्या गाडीचा रेशो असा काढा

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन तो कळतो. काही गाड्यांच्या हौसिंगवर पट्टीही असते. तसं काही नसेल तर हाताने मोजा:

- सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा गाडी धरून ठेवायला उपयोग होत नाही, हे लक्षात ठेवा.
- मागची बाजू उचलून मजबूत स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.
- गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा.
- दोन्ही चाकं एकत्र, एकाच दिशेने एक पूर्ण फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चार फेरे आणि वर थोडं झालं, तर रेशो ४.१० च्या आसपास आहे.
- एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवा. डिफरन्शियलमुळे एका चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट निम्माच फिरतो. इथे चुकलात तर रेशो निम्मा निघेल.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे अवश्य करावं. आधीच्या मालकाने काय बदललं आहे हे कागदावर दिसत नाही.

उचल: घाटात काय होतं?

एक नमुना गाडी घेऊ. माल धरून वजन २,९५० किलो, डिझेल इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, टायर २१५/७५ आर १५, गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर २.३, तिसरा १.४ आणि पाचवा ०.८. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमधून घ्या.

आता समजा, दर १०० मीटरला १० मीटर चढणारा घाट आहे. एवढा चढ ओढायला गाडीला सुमारे २९५ किलोची ओढ लागते आणि टायरच्या घर्षणासाठी आणखी ३५ किलो. एकूण सुमारे ३३०. तिसऱ्या गिअरमध्ये वाटेतली दहा टक्के घट धरून चाकावर मिळणारी ओढ अशी:

- रेशो ३.७३: सुमारे २७२ किलो
- रेशो ४.१०: सुमारे २९९ किलो
- रेशो ४.५६: सुमारे ३३२ किलो

म्हणजे ४.१० ची गाडी या चढावर तिसऱ्यात हळूहळू वेग गमावेल आणि दुसरा टाकावाच लागेल. ४.५६ ची गाडी तिसऱ्यात कशीबशी टिकेल आणि २,००० आरपीएमला ताशी ४१ किलोमीटरच्या आसपास चढेल. ४.१० च्या गाडीला दुसऱ्यात तोच वेग हवा तर इंजिन जवळपास ३,००० आरपीएमवर न्यावं लागेल. घाट चढताना इंजिन कोणत्या आरपीएमला राहतं यावर डिझेल ठरतं, त्यामुळे अशा रस्त्यावर रोज भरून जाणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज मोठ्या आकड्याने सुधारूही शकतं. ‘मोठा आकडा म्हणजे ॲव्हरेज कमी’ हा नियम सरसकट लावू नका असं म्हणतो ते यामुळेच.

मात्र ४.१० वरून ४.५६ वर गेल्यावर ओढ अकरा टक्क्यांनी वाढते आणि तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकल्यावर ती चौसष्ट टक्क्यांनी वाढते, हेही पाहा. म्हणजे गिअरच्या दांड्याने जे साधतं त्याच्या तुलनेत रेशोचा बदल लहान आहे. घाटात गाडी दम खाते असं सांगणाऱ्या अनेकांची खरी अडचण गिअर उशिरा टाकण्यात असते. डिझेल पिकअपच्या बऱ्याच इंजिनांची जास्तीत जास्त ओढ साधारण १,४०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळते. आरपीएम त्याखाली गेल्यावर ॲक्सिलरेटर दाबून फक्त डिझेल जळतं आणि इंजिन थरथरतं. गाडी थरथरायच्या आधी गिअर उतरवा आणि पंधरा दिवस पाहा. त्यानेच प्रश्न सुटला तर रेशोला हात लावू नका.

सपाट रस्त्यावरची उचल अकरा टक्के ओढ वाढली म्हणून अकरा टक्क्यांनी सुधारत नाही, कारण प्रत्येक गिअर लवकर संपतो आणि एक गिअर जास्त बदलावा लागतो. फरक खरा जाणवतो तो दोन ठिकाणी: भरलेली गाडी चढावर उभी असताना पुन्हा सुरू करणं आणि टॉप गिअरमध्ये ओव्हरटेक करणं. पहिल्या ठिकाणी क्लचही वाचतो. मार्केट यार्डाच्या रांगेत किंवा शेतातल्या कच्च्या चढावर दिवसभर हाफ क्लच करून ज्यांच्या क्लच प्लेटा वारंवार जळतात, त्यांनी हा फायदा हिशेबात धरावा.

उताराचा विचार फार थोडे लोक करतात. कसारा, बोर, खंबाटकी किंवा आंबेनळी उतरताना गाडी इंजिनावर धरायची असते. आकडा मोठा तर त्याच गिअरमध्ये इंजिन जास्त धरतं, आकडा लहान तर कमी. ॲव्हरेजसाठी ४.१० चा ३.७३ केलात तर उतरताना पूर्वीपेक्षा एक गिअर खाली राहण्याची सवय लावून घ्या, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येईल आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरणार नाहीत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर रोज जाणाऱ्यांनी केवळ डिझेलसाठी लहान आकड्याकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ॲव्हरेज: किती वाचतं?

त्याच नमुना गाडीचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२१ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे असे पडतील:

- रेशो ३.७३: सुमारे १,८००
- रेशो ४.१०: सुमारे १,९८०
- रेशो ४.५६: सुमारे २,२००

आपला हिशेब असा करा: ताशी वेगाला १,००० ने गुणून ६० ने भागा, उत्तराला टायरच्या घेराने (मीटरमध्ये) भागा, मग टॉप गिअरचा रेशो आणि ॲक्सल रेशो या दोन्हींनी गुणा.

४.१० वरून ३.७३ वर गेल्यावर फेरे नऊ टक्क्यांनी घटतात. पण डिझेल नऊ टक्के वाचत नाही. हवा कापायला आणि टायर फिरवायला लागणारी शक्ती तेवढीच राहते. वाचतं ते फक्त इंजिनाच्या आतल्या घर्षणावर आणि हवा आत-बाहेर करण्यावर जाणारं डिझेल. म्हणून बचत फेऱ्यांतल्या घटीच्या काही भागाइतकीच असते, तीही सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने आणि इंजिन त्याच्या पट्ट्यात असताना. समृद्धी महामार्गावर हलका माल घेऊन तासन्‌तास एका वेगाने जाणाऱ्या गाडीला ती मिळेल. गावोगाव दूध गोळा करणाऱ्या, शहरात पार्सल वाटणाऱ्या गाडीला मिळणार नाही, कारण ती टॉप गिअरमध्ये जातेच किती? उलट अशा गाडीला लहान आकडा दिला तर चौथ्यात चालायची ती तिसऱ्यात चालू लागते आणि ॲव्हरेज पडतं.

पैशांत पाहा. महिन्याला ३,००० किलोमीटर, लिटरला १२ चं ॲव्हरेज म्हणजे २५० लिटर डिझेल. समजा तीन टक्के वाचले, तर साडेसात लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला ६७५ रुपये. गॅरेजने दिलेला क्राउन-पिनियन, बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरीचा एकूण आकडा या ६७५ ने भागा. जे उत्तर येईल तेवढे महिने गाडी तुमच्याकडे राहणार आहे का, आणि तोवर सगळं बिनतक्रार चालणार आहे का, हे स्वतःला विचारा.

ताशी ८० ऐवजी ७० ने गेलात तर हवेचा विरोध जवळपास तेवीस टक्क्यांनी घटतो. त्याला एक रुपया लागत नाही. टायरची हवा, फडफडणारी ताडपत्री, केबिनच्या वर गेलेला माल, चिकटलेला ब्रेक आणि चोंदलेलं एअर फिल्टर, हे सगळं आधी पाहा.

मीटर फसवतं ते असं

आता सुरुवातीच्या गोंधळाकडे येऊ. अनेक गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. तो चाकाचे नाही, शाफ्टचे फेरे मोजतो आणि मूळ रेशो धरून त्यांचे किलोमीटर करतो. रेशो बदलला, पण मीटरला ते कळलंच नाही, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

समजा ४.१० चा ४.५६ केला आणि खरं ॲव्हरेज १२ वरून ११.७ वर आलं. पण आता १०० किलोमीटरला मीटर १११ दाखवतं. त्यामुळे तुम्ही भागाकार करता तेव्हा १३ येतात. ॲव्हरेज प्रत्यक्षात पडलं आणि मालक वाढलं म्हणून खूश. ४.१० चा ३.७३ केला, खरं ॲव्हरेज १२.३ झालं, तरी मीटर १०० किलोमीटरला ९१ दाखवतं आणि हिशेब ११.२ येतो. इथे ॲव्हरेज सुधारलं आणि मालक गॅरेजवाल्याशी भांडतो. ज्या गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतला जातो, तिथे हे होत नाही. म्हणून दोन मालकांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. बदलाआधी आणि बदलानंतर, दोन्ही वेळा टाकी एकाच पंपावर काठोकाठ भरा, नेहमीच्याच मार्गावर नेहमीच्याच मालासह किमान तीन टाक्या चालवा, आणि अंतर मीटरवरून न घेता मोबाइलच्या जीपीएसवरून किंवा रस्त्याच्या किलोमीटर दगडांवरून घ्या. बदलाआधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही, त्यामुळे ही नोंद आजपासून सुरू करा.

मीटरची चूक खिशापुरती राहत नाही. मालवाहू गाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ खाली ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक लागतो. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ४.१० चा ३.७३ केला आणि दुरुस्ती केली नाही, तर नियंत्रक ८० समजून गाडीला ८८ पर्यंत जाऊ देईल. ४.५६ केला तर खऱ्या ७२ लाच गाडी अडेल आणि तुम्ही ‘गाडीला ओढ नाही’ म्हणून पुन्हा गॅरेजला जाल. सर्व्हिसचे टप्पे आणि वॉरंटीचे किलोमीटरही याच मीटरवर मोजले जातात. त्यामुळे काम देण्याआधी विचारा: मीटर आणि ईसीयूमध्ये नवा रेशो भरून देणार का, आणि तसं बिलावर लिहिणार का? बीएस-६ गाडीच्या बाबतीत याचं उत्तर ‘काही फरक पडत नाही’ असं आलं तर ते गॅरेज सोडा.

टायर बदलणं म्हणजे रेशो बदलणंच

ज्यांनी मोठे टायर टाकले आणि मग उचल गेली, त्यांच्यासाठी हे आहे. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. चाक चार टक्क्यांहून थोडं मोठं झालं, त्यामुळे ४.१० ची गाडी आता ३.९३ सारखी वागते. त्यात मीटर खऱ्या ८० ला ७७ च्या आसपास दाखवतं. अशा वेळी क्राउन-पिनियन बदलण्यापेक्षा मूळ मापाचे टायर परत बसवणं स्वस्त आणि सुरक्षित आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं मापही असतं, त्यामुळे पासिंगच्या वेळी मोठे टायर अडचणीचे ठरतात.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या फोर-बाय-फोर पिकअपला मोठे टायर टाकणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. रेशो बदलायचा तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचा एकसारखा बदलावा लागतो. फक्त मागचा बदलून कडक रस्त्यावर फोर-बाय-फोर लावलं, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढतील आणि ट्रान्सफर केस तुटेल. खर्च दुप्पट होतो, तो आधीच धरा.

बदलायचंच ठरलं तर

बदल कुणासाठी योग्य? रोज घाटात, पासिंगच्या मर्यादेत पण पूर्ण भरून जाणाऱ्यांसाठी, ज्यांचा क्लच वारंवार जातो त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा क्राउन-पिनियन तसाही खराब होऊन नवा घ्यावाच लागणार आहे त्यांच्यासाठी. शेवटच्या गटाला मजुरी दोन्हीकडे सारखीच पडते, म्हणून विचार करायची खरी वेळ तीच. बाकीच्यांनी पुढची गाडी घेताना रेशो विचारून घ्यावा.

गॅरेजमध्ये हे बघा:

- क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला तर तो आवाज करेल आणि लवकर संपेल.
- तुमच्याच मॉडेलसाठी कंपनीने दुसऱ्या प्रकारात दिलेला रेशो मिळतो का, ते पार्ट नंबरवरून तपासा. बाजारातल्या अनोळखी जोडीपेक्षा तो भरवशाचा.
- नवा क्राउन जुन्या डिफरन्शियल केसवर बसतो का, हे आधी विचारा. काही हौसिंगमध्ये ठरावीक आकड्यापुढे केसही बदलावा लागतो.
- पिनियनचे बेअरिंग, ऑइल सील आणि दबणारी स्लीव्ह नवीनच हवी. एकदा दबलेली स्लीव्ह पुन्हा वापरली तर बेअरिंगचा ताण चुकतो.
- बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक, डायल गेजने मोजायला सांगा. तो सहसा ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमकी मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.
- दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहिलंच पाहिजे. ठसा दात्याच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. हौसिंग बंद करण्याआधी तुम्ही स्वतः उभे राहून बघा आणि फोटो काढून ठेवा.
- ऑइल मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचंच. क्राउन-पिनियन हायपॉइड प्रकारचा असेल तर त्याला सहसा एपीआय जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं.

गाडी घेतल्यावर पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून हौसिंग पूर्ण गार होऊ द्या. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर पूर्ण माल भरू नका, घाटात नेऊ नका, आणि त्यानंतर ऑइल बदला. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर मागून हुंकारासारखा आवाज आला तर ‘बसेल हळूहळू’ यावर विश्वास ठेवू नका. तो आपोआप बसत नाही. लगेच उघडून जुळणी तपासायला लावा.

कायदा, विमा आणि जास्तीचा माल

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या आणि कंपनीने दिलेल्या तपशिलांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ॲक्सल रेशो नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, पण एवढ्यावर विसंबून राहू नका. कंपनीने त्या मॉडेलला न दिलेला रेशो टाकणार असाल तर आधी आरटीओकडे लेखी विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. वॉरंटीतल्या गाडीला बाहेर हात लावाल तर ॲक्सलपासून गिअरबॉक्सपर्यंतचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल.

आणि एक कळकळीची विनंती. काही जण मोठा आकडा मागतात ते जास्त माल भरता यावा म्हणून. रेशोने ओढ वाढते, पण ब्रेक तेच राहतात. स्प्रिंगपाटे, ॲक्सल शाफ्ट, टायर आणि चासीही त्याच. चढून गेलेला जास्तीचा माल पलीकडे उतरावाही लागतो. शिवाय पिनियनचे दाते कमी केले की तो आकाराने लहान आणि तेवढा नाजूक होतो, तो जास्तीच्या वजनाखाली आधी तुटेल. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे.

काम बिघडलं तर तुमचा हक्क

गॅरेजकडून आधी लेखी अंदाजपत्रक घ्या. बिलावर पार्ट नंबर, दात्यांची संख्या, नवा रेशो, बॅकलॅशचा मोजलेला आकडा आणि कामाची हमी किती महिन्यांची हे लिहून घ्या. जुने भाग परत मागा, ते तुमचे आहेत.

काम सदोष निघालं आणि गॅरेज दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, आणि तरीही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकच आहे. पगारी चालक ठेवून अनेक गाड्या चालवणाऱ्यांना मात्र हा दावा टिकवणं अवघड जातं, त्यांनी गॅरेजशी लेखी करार करूनच काम द्यावं.